भीतीला रूप देणारा चित्रकार

युरोपच्या उत्तर टोकास नॉर्वे हा देश आहे. तेथे १२ डिसेंबर १८६३ रोजी एडवर्ड मुंकचा जन्म झाला. त्याचे वडील सैन्यात डॉक्टर होते. एडवर्ड पाच वर्षांचा असतानाच त्याची आई क्षयाने वारली. मावशीने मुलांचा सांभाळ केला. पुढे १८७७ साली थोरली बहीण सोफी हीही त्याच रोगाला बळी पडली. एडवर्ड स्वतःही वरचेवर आजारी पडे. मृत्यूचे भय त्याच्या मनात लहानपणीच घर करून बसले.

१८७९ साली तो अभियांत्रिकी शिकू लागला. परंतु वर्षभरातच ते सोडून तो चित्रकलेकडे वळला. डोळ्यांना दिसते तेवढेच रेखाटून त्याचे समाधान होईना. मनाने जे सोसले, तेच त्याला रंगवावयाचे होते. सोफीच्या आठवणीने त्याने ‘आजारी मूल’ हे चित्र काढले. त्यावरील रंग तो पुन्हा पुन्हा खरवडी व नव्याने चढवी. १८८६ साली ते प्रदर्शनात मांडले, तेव्हा अर्धवट म्हणून त्याची हेटाळणी झाली. १८९२ साली बर्लिन येथील त्याचे प्रदर्शन तर आठवडाभरातच बंद करण्यात आले. तरीही त्याने आपली वाट सोडली नाही.

एकदा सायंकाळी तो दोन मित्रांसह फिरावयास गेला होता. सूर्य मावळला आणि आकाश एकाएकी लालभडक झाले. मित्र पुढे गेले. एडवर्ड मात्र भीतीने थरथरत जागीच थांबला. अवघी सृष्टी किंकाळी फोडीत आहे, असा त्याला भास झाला. हाच अनुभव त्याने १८९३ साली ‘किंकाळी’ या चित्रात उतरविला. चित्रात एक व्यक्ती कानांवर हात ठेवून उभी आहे. तिचे डोळे विस्फारलेले आहेत, तोंड उघडे आहे. आकाश, पाणी व तिचे शरीरही वेड्यावाकड्या वळणांनी हेलावत आहे. कठडा तेवढा सरळ आहे आणि दूरवर दोघे जण निश्चिंतपणे चालले आहेत. भ्यालेला मनुष्य चारचौघांतही किती एकटा असतो, हे त्यावरून कळते.

चित्रे काढूनही भीती सरली नाही. १९०८ साली मनाचा तोल ढळल्यामुळे त्याने कोपनहेगन येथे काही महिने वैद्यकीय उपचार घेतले. बरा होऊन तो मायदेशी परतला. पुढे तेथील विद्यापीठाच्या सभागृहासाठी त्याने समुद्रावर उगवणारा तेजस्वी सूर्य रंगविला.

२३ जानेवारी १९४४ रोजी त्याचे निधन झाले. आपल्याजवळची सर्व चित्रे त्याने ऑस्लो शहराला दिली होती. मुंकने आपले भय लपविले नाही. म्हणूनच त्याची चित्रे पाहताना, भीती आपल्या एकट्याच्याच वाट्याला आलेली नाही, हे उमजून मनाला धीर येतो.