जखमी जवानांच्या हाताला काम देणाऱ्या लेडी विलिंग्डन

कोराडी (प्रतिनिधी) - येथून जवळच असलेल्या कामठीत ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे केंद्र असल्याने या परिसराला सैनिकी जीवन परिचित आहे. युद्धात जायबंदी होऊन घरी परतलेल्या जवानाचे पुढे काय, हा प्रश्न मात्र आजही अस्वस्थ करतो. महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वी तो हाती घेणाऱ्यांत लेडी मेरी विलिंग्डन यांचे नाव अग्रभागी आहे.

इंग्लंडमधील सधन ब्रॅसी घराण्यात २४ मार्च १८७५ रोजी त्यांचा जन्म झाला. पती लॉर्ड विलिंग्डन १९१३ मध्ये मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झाले. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले आणि सप्टेंबर १९१४ मध्ये त्यांचा थोरला मुलगा जेरार्ड फ्रान्सच्या रणभूमीवर कामी आला.

युद्धातून अनेक हिंदी जवान अपंग होऊन परतत होते. हात किंवा पाय गमावलेल्या शेतकऱ्याच्या मुलाला नांगर धरणे अशक्य होते. अशा जवानांना शिवणकाम, सुतारकाम यांसारखे हुन्नर शिकविण्यासाठी लेडी विलिंग्डन यांनी १९१७ मध्ये मुंबईत शाळा सुरू केली. ती पुढे पुण्याजवळ खडकीला हलली. आजची क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट ती हीच.

लॉर्ड विलिंग्डन १९३१ ते १९३६ या काळात व्हाइसरॉय होते. १९३२ मध्ये गांधीजींना तुरुंगात धाडणारी राजवट त्यांचीच. त्यामुळे या दांपत्याविषयी भारतीयांच्या मनात कटुता राहिली, ती स्वाभाविकच होती. तरीही पेन्शनपेक्षा हाताला काम देण्याचा लेडी विलिंग्डन यांचा विचार काळाच्या कसोटीवर टिकला.

हातापायाची जखम दिसते, मेंदूची दिसत नाही. त्या काळी स्फोटाने भेदरलेल्या, वाचा गेलेल्या जवानांच्या व्याधीला 'शेल शॉक' एवढेच नाव होते. मेंदूला इजा झालेल्या जवानाची स्मृती, बोलणे आणि स्वभावही बदलू शकतो, हे आज ठाऊक आहे. त्याला वाचोपचार आणि रोजच्या कामांचा पुनःपुन्हा सराव लागतो. त्याची अहोरात्र शुश्रूषा करणाऱ्या पत्नीला वा आईला माहिती, मदत आणि विश्रांती लागते.

मज्जारज्जूला इजा झालेल्या जवानांसाठी खडकीत १९७४ पासून स्वतंत्र केंद्र आहे. मेंदूच्या जखमा आणि त्यांचा भार वाहणारी कुटुंबे यांनाही तोच न्याय मिळायला हवा.

३० जानेवारी १९६० रोजी लेडी विलिंग्डन यांचे निधन झाले. दिल्लीतील त्यांच्या नावाचे उद्यान आता लोदी गार्डन झाले आहे. जखमी जवानांची शाळा मात्र खडकीत आजही सुरू आहे.