पै न पै चुकती : मार्क ट्वेन यांच्या कुटुंबाची कहाणी



जानेवारी १८९६ मध्ये 'रोझेटा' नावाची बोट मुंबई बंदराला लागली. तिच्यातून ६० वर्षांचे एक अमेरिकन गृहस्थ, त्यांची नाजूक प्रकृतीची पत्नी आणि २१ वर्षांची मुलगी उतरली. गृहस्थांना खोकल्याने इतके हैराण केले होते की पहिले काही दिवस ते वॉटसन हॉटेलातल्या खोलीत पडूनच होते. बाल्कनीच्या कठड्यावर मुंबईचे कावळे येऊन बसत, आणि हे गृहस्थ त्यांच्याकडे बघत राहत. पुढे त्यांनी या कावळ्यांवर असे काही मिस्कीलपणे लिहिले की जगभर वाचणारे हसले. त्यांना मिळालेला पहिला नोकर मॅन्युएल नावाचा, म्हणजे आपल्याच नावागावाचा म्हणायचा. तो मात्र फार दिवस टिकला नाही.

हे गृहस्थ म्हणजे मार्क ट्वेन. टॉम सॉयर आणि हकलबरी फिन या खोडकर मुलांचे जन्मदाते. त्यांचे खरे नाव सॅम्युअल क्लेमेन्स. बरे वाटू लागल्यावर त्यांनी नॉव्हेल्टी थिएटरात व्याख्याने दिली आणि साहेब, पारशी, हिंदू असे सगळे श्रोते पोट धरून हसले. पण ते मुंबई पाहायला आले नव्हते. ते कर्ज फेडायला निघाले होते. त्या कर्जाची आणि ते फेडणाऱ्या घराची ही गोष्ट आहे.

सॅमचा जन्म १८३५ सालचा, अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातला. वडील प्रामाणिक, पण हाती पैसा कधी टिकला नाही. एका माणसाला ते जामीन राहिले, तो बुडाला आणि देणे यांच्या गळ्यात आले. त्यांनी टेनेसी राज्यात हजारो एकर जमीन घेऊन ठेवली होती. आज ना उद्या ही जमीन तुम्हाला श्रीमंत करील, अशी आशा त्यांनी मुलांना लावून ठेवली. १८४७ मध्ये ते वारले तेव्हा सॅम ११ वर्षांचा होता. जमिनीने कोणालाच श्रीमंत केले नाही. सॅम छापखान्यात उमेदवारीला लागला; पगार नाही, फक्त जेवण आणि कपडे. मला वाटते, त्या जमिनीची आशा मुलाच्या रक्तात उतरली असावी. हा माणूस लेखणीने भरपूर कमवायचा आणि ते सगळे एका फटक्यात दसपट करण्याच्या नादात घालवून बसायचा.

१८७० साली त्यांचे लग्न ऑलिव्हिया लँग्डन यांच्याशी झाले. घरात त्यांना लिव्ही म्हणत. कोळशाच्या मोठ्या व्यापाऱ्याची ही मुलगी. सोळाव्या वर्षी बर्फावर पडून दोनेक वर्षे अंथरुणाला खिळलेली, आणि तेव्हापासून कायमची अशक्त. पहिला मुलगा दीड वर्षाचा होऊन गेला. मग सूझी, क्लारा आणि जीन या तीन मुली. हार्टफर्ड गावात त्यांनी १८७४ मध्ये २५ खोल्यांचे घर बांधले. पैसा मुख्यतः लिव्हींचा, घरही त्यांच्याच नावे. बटलर, कोचमन, स्वयंपाकीण, पाहुण्यांची रीघ. अंथरूण मोठे होते आणि पायही भरपूर पसरलेले होते.

मग ट्वेन प्रकाशक झाले. सुरुवात तर दृष्ट लागावी अशी झाली. माजी राष्ट्राध्यक्ष ग्रँट स्वतः फसवणुकीत धुऊन निघाले होते आणि घशाच्या कर्करोगाने मरणाच्या दारात बसून, बायकामुलांच्या सोयीसाठी आठवणी लिहीत होते. ट्वेन यांच्या कंपनीने त्या १८८५ मध्ये छापायला घेतल्या आणि ग्रँट यांच्या विधवेच्या हाती चार लाखांवर डॉलर पडले. आता आपल्याला सगळे जमते असे वाटू लागले. पुढचा बेत ऐकून आपल्याला गंमत वाटेल. कंपनीने १८८७ मध्ये पोप तेरावे लिओ यांचे चरित्र काढले. जगातला प्रत्येक कॅथलिक माणूस ते विकत घेणारच, असा हिशेब होता! कॅथलिक माणसांनी तो हिशेब फारसा मनावर घेतला नाही. (पॅरिशच्या पुस्तकविक्रीच्या टेबलामागे बसलेल्या कोणालाही हे त्यांना आधीच सांगता आले असते.)

खरे बुडवले ते एका यंत्राने. पेज नावाच्या संशोधकाने छापखान्यातली खिळेजुळणी आपोआप करणारे यंत्र बनवायला घेतले होते. त्याचे सुमारे १८,००० सुटे भाग. चालले की चमत्कार वाटावा, पण सारखे बिघडायचे. छापखान्यात वाढलेल्या ट्वेन यांना त्याने भुरळ घातली. १८८० पासून चौदा वर्षे ते त्यात पैसे ओतत गेले. दोन-तीन लाख डॉलर तरी गेले असावेत. त्यात लिव्हींच्या माहेरचाही पुष्कळ पैसा होता. तेवढ्यात लायनोटाइप नावाचे दुसरे, साधे यंत्र बाजारात आले आणि त्याने मैदान मारले.

जून १८९१ मध्ये या कुटुंबाने हार्टफर्डचे घर बंद केले. युरोपात त्या काळी राहणे स्वस्त होते, म्हणून सगळे तिकडे निघाले. नोकरमाणसे कमी केली. कोचमन पॅट्रिक गेला, घोडे गेले. केटी लिअरी ही आयरिश वळणाची कॅथलिक बाई मात्र त्यांच्याबरोबर राहिली; तिने या घरात एकूण ३० वर्षे काढली. आता हे खरे की त्यांची काटकसर म्हणजे आपली काटकसर नव्हे. फ्लॉरेन्सजवळ ते एका व्हिलात राहिले, हे वाचून आपल्यापैकी चाळीत वाढलेल्यांना हसू येईल. पण जागेच्या मानाने तिथले भाडे कमी होते, आणि खाली उतरणे हे जिथून उतरायचे त्या पायरीवरून मोजावे लागते. पंचवीस खोल्यांची मालकीण, जिच्या दारात पाहुण्यांच्या गाड्या उभ्या राहायच्या, ती आता वही घेऊन खर्च मांडत होती, वर्षावर्षाला बिऱ्हाड बदलत होती.

आणि याच काळातले या घराचे सगळ्यात सुंदर चित्र आपल्याला मिळते. दिवसभर ट्वेन 'जोन ऑफ आर्क' ही कादंबरी लिहीत. संध्याकाळी लिहिलेली पाने घरच्यांना वाचून दाखवत. लिव्ही ऐकता ऐकता काय खटकते ते सांगत. सूझी तर त्या गोष्टीत बुडून गेलेली असे. जोनला जाळण्याचा प्रसंग येणार म्हटल्यावर घरात रुमाल शोधायची धांदल उडाली. त्या संध्याकाळीला किती खर्च आला असेल? दिव्याच्या तेलाचा. हा माणूस चर्चवर टीका करण्यात मुळीच मागे नव्हता. तरीही सगळ्या पुस्तकांत त्यांनी स्वतःचे सर्वांत आवडते म्हणून याच पुस्तकाला निवडले. लग्नाच्या पंचविसाव्या वर्षी त्यांनी ते लिव्हींना अर्पण केले. जोनला संत म्हणून घोषित व्हायला त्यानंतर आणखी २५ वर्षे लागली.

१८९३ मध्ये अमेरिकेत मोठी मंदी आली, बँका बुडाल्या. एप्रिल १८९४ मध्ये ट्वेन यांच्या कंपनीने दिवाळे जाहीर केले. घेणेकरी ९६ आणि बाहेरचे देणे सुमारे लाखभर डॉलर. या वेळी हेन्री रॉजर्स नावाचे गृहस्थ मदतीला धावले. स्टँडर्ड ऑइल कंपनीचे हे बडे अधिकारी धंद्यात अत्यंत निष्ठुर म्हणून कुप्रसिद्ध. पण या घरासाठी त्यांनी वर्षानुवर्षे एक पैसा न घेता हिशेब सांभाळले. त्यांनी ट्वेन यांच्या पुस्तकांचे हक्क लिव्हींच्या नावे करून ठेवले, कारण त्यांचेही कंपनीकडे मोठे येणे होते. हा डाव वाटेल. काही घेणेकऱ्यांना तसे वाटलेही. पण ते हक्क त्या मंदीत लिलावाला निघाले असते, तर कवडीमोलाने गेले असते आणि मग कोणाचेच पूर्ण पैसे फिटले नसते.

पूर्ण पैसे. इथे ही गोष्ट वळण घेते. कायद्याच्या वाटेने गेले असते तर रुपयामागे काही आणे देऊन मोकळे होता आले असते. दिवाळे निघाल्यावर तसेच करतात, त्यात बेकायदा काही नाही. लिव्हींनी ते मानले नाही. डॉलरला डॉलर द्यायचा, एकालाही कमी नाही. रॉजर्स आणि ट्वेन यांचेही मत तेच पडले, पण तिघांत सर्वांत ठाम कोण होते याबद्दल कोणाला शंका नव्हती. घेणेकऱ्यांशी बोलताना त्यांच्यावर चिडू नका, त्यांचे पैसे आपल्याकडे अडकले आहेत, असे त्या पतीला पत्रातून बजावत. सेमिनरीत आम्ही न्यायाची व्याख्या पाठ केली होती : ज्याचे त्याला देणे. परीक्षेत मला तिला बरे गुण मिळाले होते. तिच्यासाठी साठी गाठलेला नवरा बोटीवर चढवायला लागेल, हे पुस्तकात नव्हते.

व्याख्यानाच्या दौऱ्याचा ट्वेन यांना तिटकारा होता. तरी जुलै १८९५ मध्ये क्लीव्हलंड शहरातून ते निघाले तेव्हा पायावर काळपुळी झालेली होती. लिव्ही आणि क्लारा बरोबर. सूझी आणि जीन एल्मायरा गावी मावशीकडे राहिल्या. मग ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, सिलोन, मुंबई, काशी, कलकत्ता, दक्षिण आफ्रिका. शंभरावर व्याख्याने. आलेला पैसा खर्च वजा जाता रॉजर्सकडे रवाना. जुलै १८९६ च्या अखेरीस तिघे इंग्लंडला पोहोचले आणि मुलींची वाट पाहू लागले.

मुलींऐवजी पत्र आले की सूझी आजारी आहे. लिव्ही आणि क्लारा तातडीने अमेरिकेच्या बोटीत बसल्या. त्या समुद्रात असतानाच, १८ ऑगस्ट १८९६ रोजी, हार्टफर्डच्या त्या बंद ठेवलेल्या घरात सूझी मेंदूज्वराने गेली. वय २४. केटी लिअरी तिच्याजवळ होती. आई नव्हती, वडील नव्हते. इंग्लंडमध्ये एकट्या असलेल्या ट्वेन यांना तार मिळाली. आपण पैशाच्या नादाला लागलो नसतो तर घर मोडले नसते, मुलगी एकटी गेली नसती, असा दोष ते स्वतःला आयुष्यभर देत राहिले. काटकसरीच्या आणि कर्जफेडीच्या गोष्टी आपण सांगतो तेव्हा हा भाग सहसा गाळतो. मला तो गाळता आला नाही.

लंडनमध्ये टेडवर्थ स्क्वेअरमधल्या एका भाड्याच्या घरात ते चौघे त्या हिवाळ्यात लपल्यासारखे राहिले. त्या वर्षी त्यांच्याकडे नाताळ झाला नाही. ट्वेन रोज सकाळी टेबलाशी बसून प्रवासाचे पुस्तक लिहीत होते; त्यातले मुंबईचे कावळे याच घरात लिहिले गेले. वर्तमानपत्रांत ते कंगाल झाल्याच्या, इतकेच नव्हे तर वारल्याच्याही बातम्या येत होत्या. वारल्याच्या बातमीवर त्यांनी विनोद केला. कंगालपणाच्या बातमीवर न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्राने जून १८९७ मध्ये त्यांच्यासाठी वर्गणी सुरू केली. ट्वेन आधी हो म्हणाले! माणूस दमला होता, मी त्यांना दोष देणार नाही. पण घरच्यांनी विरोध केला, लिव्हींना ते मुळीच रुचले नाही, आणि त्यांनी नकार कळवला. आलेले पैसे ज्याचे त्याला परत गेले.

नोव्हेंबर १८९७ मध्ये प्रवासाचे पुस्तक निघाले आणि चांगले खपले. कुटुंब तेव्हा व्हिएन्नात होते, कारण क्लाराला तिथे पियानो शिकायचा होता. कर्जात असतानाही मुलीचे शिकणे त्यांनी थांबवले नाही, हे मला आवडते. १८९८ च्या सुरुवातीच्या महिन्यांत रॉजर्स यांनी शेवटचे चेक पाठवले आणि सगळे घेणेकरी फिटले. पैसे पोहोचल्याची जी पत्रे घेणेकऱ्यांनी लिहिली, ती रॉजर्स यांनी व्हिएन्नाला धाडली.

आणि त्याच मार्च महिन्यात ट्वेन एका तरुण संशोधकाच्या विणकामाच्या यंत्रावर भाळले होते, कोट्यवधींची स्वप्ने कागदावर मांडत होते. रॉजर्सकडे चौकशी केली आणि तो बेत वेळीच थंडावला. पुढे दुधाच्या भुकटीच्या धंद्यात त्यांनी पैसे घातले आणि घालवलेही. टेनेसीची जमीन काही त्यांच्या डोक्यातून गेली नाही. पण घर पुन्हा कर्जात मात्र बुडाले नाही.

१९०० मध्ये ते अमेरिकेला परतले. हार्टफर्डच्या घरात पुन्हा राहायचे लिव्हींना शक्य झाले नाही. १९०३ मध्ये ते विकले. ५ जून १९०४ रोजी फ्लॉरेन्समध्ये त्या वारल्या. ट्वेन १९१० मध्ये गेले.

मार्च १८९८ मधल्या त्या पत्रांचे काय झाले, ते ट्वेन यांनीच रॉजर्स यांना कळवले होते. लिव्ही ती पुन्हा पुन्हा वाचत बसल्या होत्या. व्यापाऱ्यांची कोरडी पत्रे, पैसे मिळाले एवढेच सांगणारी. सूझी गेल्यापासून खऱ्या सुखाचा असा हा एकच दिवस आपल्याला मिळाला, असे त्या म्हणाल्या.