मोगऱ्याला मान देणारे फादर स्टीफन्स

ग्रोटोभोवती मरियामातेची बाग करावी, असे आपल्या धर्मग्रामात ठरत आहे. फुलांबाबत मात्र दोन मते आहेत. काहींना गुलाब आणि लिली हवीत. त्यातही चूक नाही. युरोपात मरियेच्या नावाने हीच फुले लावीत, आणि रोझरी या शब्दाचे मूळच गुलाबांच्या बागेत आहे. पण मोगऱ्याचे नाव निघाले की, तो तर देवळातला, अशी कुजबुज होते. अशा वेळी आम्हाला फादर थॉमस स्टीफन्स यांची आठवण होते.

त्यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायरचा, घर व्यापाऱ्याचे. त्या काळी तिथे कॅथोलिक मिस्सेला बंदी होती. त्यांचे मित्र थॉमस पाउंड पकडले गेले आणि जवळजवळ तीस वर्षे तुरुंगात राहिले. स्टीफन्स रोमला गेले व १५७५ साली येशूसंघात दाखल झाले. एप्रिल १५७९ मध्ये लिस्बनहून निघालेले त्यांचे जहाज ऑक्टोबरात गोव्याला लागले. पुढच्या चाळीस वर्षांतील बहुतेक काळ त्यांनी साष्टीत काढला. मायदेशी परत गेलेच नाहीत.

साष्टीतले ते दिवस कठीण होते. पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडली होती, जुन्या पोथ्यांना बंदी घातली होती. १५८३ साली कुंकळ्ळीला पाच येशूसंघीय मारले गेले. मग सत्तेने गावच्या पुढाऱ्यांना बोलावून ठार केले. हे सारे आपण झाकून ठेवू नये. नव्या ख्रिस्ती लोकांच्या हातून पुराण गेले होते, आणि त्या जागी गोडीने ऐकावे असे काही मिळाले नव्हते.

फादरांनी ही भूक ओळखली. ते कोंकणी शिकले, तिचे व्याकरण लिहिले. मराठी शिकले, आणि पुराणाच्याच धाटणीने, ओवीत, प्रभू येशूची कथा रचली. सुमारे अकरा हजार ओव्यांचे ते 'क्रिस्तपुराण' १६१६ साली राचोलला छापले गेले. देवनागरी खिळे नव्हते, म्हणून रोमन लिपीत. त्यातच मराठीची थोरवी गाताना त्यांनी तिला फुलांतल्या मोगऱ्याची उपमा दिली. इंग्लंडात वाढलेल्या माणसाला गुलाब सहज सुचला असता! त्यांना सुचला तो इथल्या अंगणातला मोगरा, आणि तो देवळातही वाहिला जातो म्हणून ते अडखळले नाहीत.

आमचे मत मोगऱ्याकडे झुकते, हे उघडच आहे. त्याला आणखी एक कारण आहे. मे हा मरियामातेचा महिना, आणि कोल्हापूरच्या उन्हात गुलाब मलूल होतो तेव्हाच मोगरा भरभरून फुलतो. पावसाळ्यात फांद्या लावाव्यात, हिवाळ्यात छाटणी करावी, भरपूर ऊन मिळू द्यावे; इतकेच त्याचे मागणे. गुलाबालाही एक कोपरा देऊच.

फादर स्टीफन्स १६१९ साली वारले. १६८४ मध्ये गोव्याच्या सरकारने स्थानिक भाषा बंद करण्याचा हुकूम काढला. पहिल्या छपाईची एकही प्रत आज हाती नाही, पण ख्रिस्ती घरांनी हस्तलिखिते जपली. त्यांवरून १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा छापले गेले, आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी ते पुण्याहून देवनागरीत आणले. ती प्रत आपल्यापैकी कोणाकडे असल्यास मिस्सेनंतर वाचायला जरूर आणावी.