लोखंडाला शिस्त लावणारे मास्तर

कल्याणहून अंबरनाथ वा डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत शिरले की लहान-मोठ्या यंत्रशाळा दिसू लागतात. तेथे लेथवर चढवलेल्या लोखंडी तुकड्याला ‘जॉब’ म्हणतात. कापणाऱ्या हत्याराच्या धारेविषयी सारेच बोलतात; पण त्याआधी जॉब जागच्या जागी घट्ट धरावा लागतो, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. जॉब केसभर जरी सरकला तरी माल भंगारात जातो. हे शास्त्र ज्यांच्या पिढीने महाराष्ट्रात रुजवले, त्यांत लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव अग्रभागी आहे.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. शालेय अभ्यासात त्यांचे मन रमले नाही. ओढ होती ती चित्रांची आणि यंत्रांची. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत त्यांनी प्रवेश घेतला, पण काही रंगांतील फरक आपल्याला ओळखता येत नाही, हे तेथे ध्यानात आले. चित्रकार होण्याचे स्वप्न मावळले. यंत्रांच्या आरेखनात मात्र रंगांची गरज नव्हती. रेषा आणि मापे पुरेशी होती. त्याच बळावर ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक आरेखनाचे शिक्षक झाले. फावल्या वेळात ते संस्थेच्या यंत्रशाळेत रमत. पुढे हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि बेळगाव गाठले.

बेळगावात बंधू रामुअण्णांसह त्यांनी सायकलींचा व्यवसाय सुरू केला होता. मुंबईहून सायकली आणायच्या, विकायच्या, दुरुस्त करायच्या आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे. तथापि, परक्याचा माल विकण्यापेक्षा स्वतःचा माल घडवण्याची त्यांची आस मोठी होती. छोट्या कारखान्यात कडबा कापण्याची यंत्रे तयार झाली आणि त्यापाठोपाठ लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी तेव्हाच्या अनेक शेतकऱ्यांची समजूत होती. त्यामुळे पहिल्या नांगरांना सुमारे दोन वर्षे गिऱ्हाईक मिळाले नाही.

नांगर विकला गेला तरी कारखानदाराची परीक्षा संपत नव्हती. मातीत फाळ झिजतो आणि तो बदलावा लागतो. गावच्या सुताराने घडवलेल्या लाकडी नांगराला तोच सुतार भाग जुळवून देई. कारखान्याचा नांगर मात्र दूरच्या गावी जातो. नवा फाळ तेथे नेमका बसला नाही, भोकांत बोल्ट शिरला नाही, तर पेरणीच्या तोंडावर नांगर बांधावर पडून राहतो. असे एकसारखे भाग केवळ कारागिराच्या नजरेवर विसंबून निघत नाहीत. प्रत्येक तुकडा त्याच जागी, त्याच कोनात, तितकाच घट्ट बसला पाहिजे. त्यासाठी आधार, खुणा आणि क्लॅम्प लागतात. दुरुस्तीचे दुकान आणि कारखाना यांतील खरा फरक इथेच पडतो.

जम बसत असतानाच बेळगाव नगरपालिकेने नव्या वस्तीसाठी कारखान्याची जागा सोडण्यास सांगितले. उभा व्यवसाय हलवायचा कोठे, हा प्रश्न होता. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीस धावले. त्यांनी कुंडल रोड स्थानकाजवळ ३२ एकर माळरान दिले. निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर १९१० मध्ये कारखाना आणि वसाहत उभी राहिली, तीच किर्लोस्करवाडी. शंभूराव जांभेकर, अनंतराव फळणीकर, मंगेशराव रेगे यांच्यासारखे सहकारी त्यांना लाभले. शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही लक्ष्मणरावांनी रखवालीचे काम दिले आणि वसाहतीत अस्पृश्यतेला थारा दिला नाही.

१९२० मध्ये ‘किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड’ची स्थापना झाली. नांगरांपाठोपाठ उसाचे चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे आणि पाण्याचे पंप निघू लागले. १९४१ मध्ये म्हैसूर संस्थानातील हरिहर येथे ‘म्हैसूर किर्लोस्कर’ उभी राहिली आणि किर्लोस्करांचे लेथ देशभरच्या कारखान्यांत पोहोचले. यंत्रे बनवणारी यंत्रेही येथेच घडू लागली. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. १९६९ मध्ये, जन्मशताब्दीनिमित्त, टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

लेथवरील तीन जबड्यांचा चक पाहिला की एक जुनी युक्ती ध्यानात येते. चावी फिरवली की तिन्ही जबडे एकाच वेळी आत सरकतात आणि गोल जॉब आपोआप मध्यावर येतो. चावी काढून घेतली तरी पकड सुटत नाही, कारण आतील मळसूत्रासारखी आटी उलट सरकत नाही. ताकद लागते ती आवळताना आणि सोडवताना. धरून ठेवण्यासाठी काहीच खर्च होत नाही.

स्वयंचलित उत्पादनसाखळीत हेच काम हवेच्या दाबावर चालणारे क्लॅम्प करतात. दाब सतत राखावा लागला, तर गळती भरून काढण्यासाठी कॉम्प्रेसर चालत राहतो आणि विजेचे देयक वाढते. म्हणूनच स्प्रिंगने धरणारे आणि हवेने केवळ सुटणारे, तसेच सांध्यांची रचना सरळ रेषेपलीकडे गेली की स्वतःच अडकणारे क्लॅम्प वापरले जातात. हवा गेली, वीज गेली तरी त्यांची पकड कायम राहते; त्यामुळे ऊर्जेबरोबर कामगाराची बोटेही वाचतात.

नवी यंत्रे मळसूत्राच्या त्या जुन्या तत्त्वाकडेच अशा रीतीने वळतात. रंग न ओळखता येणाऱ्या एका आरेखनशिक्षकाने लोखंडाला मापाची शिस्त लावली. कल्याण-अंबरनाथच्या पट्ट्यातील कामगार दररोज सकाळी चकाची चावी फिरवतो, तेव्हा त्याच शिस्तीने त्याच्या दिवसाचा प्रारंभ होतो.