लिंकरचा एरर आणि हॉपरबाईंची वही

बीड-अंबाजोगाईत लिनक्सवर सी शिकणाऱ्या पोरांना ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ हा एरर कधी ना कधी छळतोच. वर्गमूळाचं फंक्शन वापरलेलं असतं, मॅथचं हेडरही जोडलेलं असतं. पण हेडर फक्त फंक्शनची ओळख करून देतं, खरा कोड असतो लायब्ररीत. कमांडच्या शेवटी ‘-एलएम’ टाकलं की लिंकरला तो सापडतो.

हे जोडकाम मशीनच्या गळ्यात मारलं ग्रेस हॉपर यांनी. जन्म १९०६, न्यूयॉर्क. १९३४ ला येलमधून गणितात पीएचडी. महायुद्धात नौदलात जायचं तर वजन कमी भरलं, मग खास सूट मिळवून शिरल्या. १९४४ ला हार्वर्डच्या मार्क वनवर नेमणूक झाली. तिथं कामाच्या कोडचे तुकडे वहीत उतरवून ठेवायचे आणि लागतील तसे हातानं नकलायचे. एक आकडा चुकला की मुसळ केरात!

१९५२ पर्यंत बाईंनी युनिवॅकसाठी ‘ए-झिरो’ उभं केलं. तुकड्याचा नंबर द्या, मशीन तो टेपवरून शोधून, पत्ते जुळवून जोडणार. नाव कंपायलर, काम मात्र बरंचसं आजच्या लिंकरचं. कम्प्युटर फक्त आकडेमोड करतो अशी समजूत असल्यानं सुरुवातीला कुणी विश्वासच ठेवेना.

१९८६ ला त्या रिअर ॲडमिरल म्हणून निवृत्त झाल्या, वय ७९. १ जानेवारी १९९२ ला त्या गेल्या.