पत्रं जपणारी कवयित्री

फ्रेंच कादंबरीकार फ्लोबेर याची पत्रं वाचणाऱ्याला लुईझ कोले हे नाव हमखास भेटतं. मलाही ते तिथंच भेटलं. ‘मादाम बोव्हारी’ लिहिताना एकेका वाक्यासाठी हा लेखक कसा झगडत होता, ते त्यानं जिला रात्री जागून कळवलं, ती ही बाई. पुढं तिच्या आयुष्याविषयी वाचत गेले, तेव्हा लक्षात आलं, की ही काही पाकिटावरच्या पत्त्यापुरती बाई नव्हती.

लुईझचा जन्म १५ ऑगस्ट १८१० रोजी दक्षिण फ्रान्समधल्या एक्स या गावी झाला. वडील तिथले टपालखात्याचे प्रमुख. कवितेचं वेड लहानपणापासूनचं. पण लहान गावात त्याला वाव कुठला? १८३४ साली तिनं इपोलित कोले या संगीतकाराशी लग्न केलं आणि पॅरिस गाठलं. दोनच वर्षांत पहिला कवितासंग्रह निघाला. १८३९ मध्ये फ्रेंच अकादमीचं काव्याचं पारितोषिक तिला मिळालं आणि पुढं १८४३, १८५२ व १८५४ मध्येही. चार वेळा! ज्या अकादमीनं तिला असं गौरवलं, तिचं सदस्यत्व मात्र १९८० सालापर्यंत एकाही स्त्रीला मिळालं नव्हतं.

रूप, बुद्धी आणि महत्त्वाकांक्षा एकाच बाईत आली, की लोकांच्या जिभा सैल सुटतात. तत्त्वज्ञ व्हिक्तोर कुझँ याच्याशी तिचे संबंध होते. १८४० साली ती गरोदर असताना आल्फोन्स कार या पत्रकारानं त्यावरून जाहीर टवाळी केली. लुईझनं स्वयंपाकघरातला सुरा उचलला आणि थेट त्याचं घर गाठलं! जखम किरकोळ झाली. कारनं तक्रार केली नाही, पण तो सुरा मात्र घरात मिरवायला ठेवला. पॅरिस हसलं. त्या बाईला किती लागलं असेल, हे कुणी विचारलं नाही.

तिच्या घरी साहित्यिकांची बैठक भरे. फ्रेंच लोक त्याला ‘सालाँ’ म्हणतात. व्हिन्यी, म्युसे, लकाँत द लील असे कवी तिथं येत. घरात श्रीमंती नव्हती. पतीशी पटेना; १८५१ मध्ये तो वारला. मुलगी आँरिएत हिला वाढवायचं होतं. सरकारी वर्षासन तुटपुंजं, म्हणून फॅशनवरचे लेख, मुलांसाठी गोष्टी, जे मिळेल ते ती लिहीत राहिली. हद्दपार झालेल्या व्हिक्तोर ह्युगोची पत्रं चोरून पोचवण्याच्या कामातही ती होती. पोस्टमास्तरांची लेक शोभली!

फ्लोबेर तिला १८४६ मध्ये शिल्पकार प्रादिए याच्या कार्यशाळेत भेटला. तो चोवीस वर्षांचा, ती पस्तिशीची. मधला खंड धरून हे प्रेम आठेक वर्षं चाललं. तो रुआँजवळ क्रुआसे इथं आईसोबत राही. लुईझनं त्या घरी येऊ नये, असा त्याचा कटाक्ष. तिला सहवास हवा होता, त्याला एकांत. १८५५ मध्ये त्यानं कोरड्या चार ओळींनी सगळं संपवलं. तिनं १८५९ मध्ये कादंबरी लिहून आपली बाजू मांडली, तर लोकांनी तिला सूडाचं लेखन म्हटलं. तरी लेखणी थांबली नाही. १८६९ मध्ये सुएझ कालव्याच्या उद्घाटनासाठी ती वार्ताहर म्हणून इजिप्तला गेली. ८ मार्च १८७६ रोजी पॅरिसमध्ये तिचं निधन झालं.

फ्लोबेरची दोनशेहून अधिक पत्रं तिनं जपून ठेवली. एवढा अपमान झाल्यावर ती चुलीत घालणं किती सोपं होतं! तिनं त्याला लिहिलेली पत्रं मात्र जवळजवळ सगळी नाहीशी झाली. त्यामुळं आज या संवादातला एकच आवाज आपल्याला ऐकू येतो आणि त्या आवाजावरूनच लोक लुईझला हट्टी, आततायी ठरवून मोकळे होतात. तिच्या कविता आज फारसं कुणी वाचत नाही. त्या फार मोठ्या होत्या, असं मीही म्हणणार नाही. पण एक महान कादंबरी कशी घडली, हे जगाला कळलं ते तिनं ती पत्रं जपली म्हणून. निदान एवढं श्रेय तरी तिच्या नावावर मांडायला हवं.