फ्रँक व्हिटल आणि दाबलेली हवा

मुलांनो, सायकलच्या चाकात हवा भरल्यावर पंपाला हात लावून पाहा. पंप गरम लागतो. हवा दाबली की ती तापते. ती दाबण्यासाठी आपल्याला जोरही लावावा लागतो. म्हणजेच दाबलेली हवा फुकट मिळत नाही. जेट विमानाचे इंजिन अशाच दाबलेल्या हवेवर चालते. हे इंजिन घडवण्यासाठी आयुष्य वेचणाऱ्या फ्रँक व्हिटल यांची ओळख आज आपण करून घेऊ.

फ्रँकचा जन्म १ जून १९०७ रोजी इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहरात झाला. त्याचे वडील कारागीर होते. त्यांच्या छोट्या कारखान्यात फ्रँक लहानपणापासून हाताखाली काम करी. वेळ मिळाला की तो ग्रंथालयात जाई आणि यंत्रांवरची पुस्तके वाची.

त्याला हवाई दलात जायचे होते. लेखी परीक्षेत तो उत्तीर्ण झाला. पण त्याची उंची अवघी पाच फूट होती, म्हणून त्याला परत पाठवले. त्याने नेमाने व्यायाम केला. उंची थोडी वाढली, तरी पुन्हा नकारच मिळाला. फ्रँकने हिंमत सोडली नाही. अखेर १९२३ मध्ये तो शिकाऊ कामगार म्हणून हवाई दलात दाखल झाला. हुशारीमुळे त्याची अधिकाऱ्यांच्या विद्यालयात निवड झाली आणि तो वैमानिक बनला.

त्या काळी विमाने पंख्याच्या जोरावर उडत. फार उंचावर हवा विरळ असते. तिथे पंखा नीट काम करत नाही. मग जास्त उंच आणि जास्त वेगाने कसे उडायचे? १९२९ मध्ये व्हिटल यांना उत्तर सुचले. इंजिनाने पुढून हवा आत घ्यायची. कॉम्प्रेसरने ती दाबायची. तिच्यात इंधन जाळायचे. तापलेला वायू टर्बाइनचे चाक फिरवील आणि मागून वेगाने बाहेर पडून विमानाला पुढे ढकलील. तुमच्या जिल्ह्यात परळी वैजनाथ येथे औष्णिक वीज केंद्र आहे. तेथे टर्बाइन वाफेवर फिरते. येथे ते तापलेल्या वायूवर फिरते आणि स्वतःच कॉम्प्रेसरलाही फिरवते.

सरकारी तज्ज्ञांना ही कल्पना पटली नाही. एवढी उष्णता सोसणारा धातूच नाही, असे त्यांचे म्हणणे होते. व्हिटल यांनी १९३० मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. पेटंट मिळाले, पण १९३५ मध्ये त्याच्या नूतनीकरणाचे पाच पौंड भरले गेले नाहीत आणि त्यांचा हक्क गेला. तरीही १९३६ मध्ये मित्रांच्या मदतीने त्यांनी एक लहान कंपनी काढली.

१२ एप्रिल १९३७ रोजी इंजिन प्रथम सुरू झाले. ते किंचाळत वेग घेऊ लागले. इंधन बंद केले तरी वेग वाढतच होता, कारण आत इंधन साचले होते. जवळची माणसे पळाली. व्हिटल मात्र जागेवरून हलले नाहीत. १५ मे १९४१ रोजी त्यांच्या इंजिनावरचे विमान आकाशात झेपावले. जर्मनीत हान्स फॉन ओहाइन यांच्या इंजिनाने १९३९ मध्येच असे उड्डाण केले होते. दोघांनीही एकमेकांच्या नकळत काम केले होते.

पण खरी झुंज पुढेच होती. नव्या, मोठ्या इंजिनात दाबलेली हवा मधेच अडे आणि उलटी फिरे. इंजिन धक्के देई. अरुंद दारापाशी गर्दी अडली की मागच्या माणसांना धक्के बसतात, तसेच हे. टर्बाइनची पातीही तुटत. व्हिटल आणि त्यांच्या सोबत्यांनी हवेच्या वाटेचा आकार बदलून पाहिला, पात्यांसाठी चांगले धातू शोधले. या श्रमांनी त्यांची प्रकृती ढासळली.

पुढच्या इंजिनांत कॉम्प्रेसरच्या चाकांच्या अनेक रांगा आल्या. त्यांत हवा अडू नये म्हणून मधेच झडपा बसवतात. इंजिन सुरू होताना आणि वेग कमी असताना या झडपा उघडतात. थोडी हवा बाहेर जाते व गर्दी मोकळी होते. वेग वाढला की झडपा मिटतात.

कॉम्प्रेसरमधून काढलेली हवा इतरही कामांना येते. काही हवा टर्बाइनची पाती गार ठेवते. काही हवा पंखांवर बर्फ साचू देत नाही. काही हवा गार करून प्रवाशांच्या कक्षात सोडतात, म्हणून उंचावरही श्वास घेता येतो. मात्र बाहेर काढलेली हवा विमानाला पुढे ढकलण्याच्या कामी पूर्णपणे येत नाही. ती जास्त काढली तर इंजिनाचा जोर कमी होतो, इंधन जास्त जळते आणि टर्बाइन अधिक तापते.

बीडजवळची खजाना विहीर तुम्हांला ठाऊक असेल. शेकडो वर्षांपूर्वी बांधलेल्या या विहिरीचे पाणी जमिनीखालच्या वाटेने शेतांकडे जाते. एकाच शेताने सारे पाणी घेतले तर बाकीची शेते सुकतील. म्हणून पाण्याची पाळी ठरवावी लागते. इंजिनातल्या हवेचेही तसेच आहे. कोणाला, केव्हा आणि किती, याचा हिशेब चुकता कामा नये. अलीकडच्या एका मोठ्या विमानात तर कक्षातली हवा इंजिनातून न घेता विजेवर चालणाऱ्या वेगळ्या कॉम्प्रेसरने पुरवतात.

व्हिटल १९४८ मध्ये हवाई दलातून निवृत्त झाले. त्याच वर्षी सरकारने त्यांना 'सर' हा किताब आणि एक लाख पौंड दिले. १९७६ मध्ये ते अमेरिकेत राहायला गेले. तेथे त्यांनी अध्यापन व संशोधन केले. १९९१ मध्ये अभियांत्रिकीतील मानाचे ड्रेपर पारितोषिक व्हिटल आणि ओहाइन यांना मिळून देण्यात आले. ऑगस्ट १९९६ मध्ये व्हिटल यांचे निधन झाले.

मुलांनो, छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावरून उडणारे जेट विमान कधी डोक्यावरून गेले, तर उंची कमी म्हणून परत पाठवलेला तो मुलगा आठवा. कष्टाने मिळवलेली गोष्ट, मग ती दाबलेली हवा असो की दुष्काळातले घागरभर पाणी, जपून आणि वाटून वापरायची असते.